सारंगी आणली, गज राहिला



मागच्या आठवड्यात नातीचा व्हिडिओ कॉल आला होता. ती अमेरिकेत शाळेच्या ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवते. डबल बास म्हणजे व्हायोलिनसारख्याच गजाने वाजवायच्या वाद्यांमधलं सर्वांत थोरलं भावंड. उभं केलं तर सहा फुटांच्या आसपास भरतं, म्हणजे नातीपेक्षा चांगलं वीतभर उंच. तिच्या बाबांनी एक जुना बास विकत घेतलाय आणि त्याच्याबरोबर दोन बो. "आजोबा, बास पसंत करायला एक दुपार लागली आणि बो पसंत करायला तीन आठवडे!" असं ती सांगत होती. सौ. म्हणाली, "म्हणजे गाय घेतली एका दिवसात अन् दावं शोधायला महिना!" सगळे हसले. मी काही हसलो नाही. गजाची गोष्ट मला दीड वर्षापूर्वीच कळली होती, आणि ती सांगताना मला अजून थोडी लाज वाटते. घरात कोणालाच पूर्ण सांगितलेली नाही. आज इथे लिहून टाकतो.

सुरुवात झाली ती २०२४ च्या नोव्हेंबरात. पं. रामनारायण गेल्याची बातमी वाचली. ९६ वर्षांचे होते. सारंगी म्हणजे गवयाच्या मागे बसून साथ करायचं वाद्य, असा रिवाज असताना या माणसाने ती एकट्याने मैफलीत वाजवून दाखवली, देशात आणि परदेशातही. २००५ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. बातमी वाचली आणि मला एकदम १९६४ चा मे महिना आठवला.

मी तेव्हा चौदा वर्षांचा. गावात रेडिओ एकच, किराणा दुकानात. पंडित नेहरू गेले आणि रेडिओवरची गाणी बंद होऊन नुसती सारंगी सुरू झाली. पुढे कितीतरी वर्षं कोणी मोठा माणूस गेला की आकाशवाणीवर सारंगीच लागायची. त्यामुळे आमच्या पिढीचं असं झालं की सारंगी कानावर आली की आधी विचारायचं, "कोण गेलं?" बिचारं वाद्य सुतकी ठरलं. पण त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून मी जे ऐकलं, ते मला सुतकी वाटलं नव्हतं. कोणीतरी शब्दांशिवाय गातंय असं वाटलं होतं. ती इच्छा साठ वर्षं मनात कुठेतरी पडून होती. शाळा, संसार, मुलांची शिक्षणं यात तिला कोण विचारतो!

तर बातमी वाचून मी ठरवलं की एक सारंगी घ्यायची. नवी नको, जुनी. सौ.ने कपाळावर हात मारून घेतला.

माझा एक जुना विद्यार्थी दारव्ह्याला असतो. त्याने शोध लावला. तिथे एका म्हाताऱ्या चाचांकडे त्यांच्या वडिलांची सारंगी होती. (त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.) वडील साथीदार होते, नाटकमंडळींबरोबर आणि बैठकींना वाजवायचे. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, आपली शकुंतला, तेव्हा कापूस आणि माणसं घेऊन धावायची. तिने मूर्तिजापूरला जायचं आणि तिथून मोठ्या गाडीने पुढे. आता ती गाडीही बंद पडली.

सारंगीचे दिवस त्याच्याही आधी उतरणीला लागले होते. संगीत नाटकात एके काळी सारंगीचा मान मोठा. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष, असं वैभव होतं. पण पायपेटी आली, हार्मोनियम आली. पेटी सुरात लावावी लागत नाही, पावसाळ्यात उतरत नाही, कोणालाही महिनाभरात चार गाणी वाजवता येतात. सारंगीच्या मात्र तीन मुख्य तांती, त्याही बकऱ्याच्या आतड्याच्या, आणि त्यांच्याखाली पस्तीस-छत्तीस तरफेच्या तारा. एवढं सगळं जुळवायचं, आणि मग तांत बोटाच्या टोकाने न दाबता नखाच्या मुळाशी, बाजूने टेकवायची. वर्षानुवर्षं नखाशी घट्टे पडतात. चाचा स्वतः विशीपर्यंत वडिलांकडे शिकले आणि मग जिनिंग फॅक्टरीत कामाला लागले. पोट भरायला पाहिजे ना.

सारंगी मी पाहिली आणि हरखलो. दोन फुटांपेक्षा थोडी जास्त उंच, तुणाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली, काळपट झालेली. चामडं एका बाजूला फाटलेलं, तरफेच्या अकरा तारा गायब. चाचांनी बारा हजार सांगितले. मी आठ म्हणालो. का म्हणालो? सवय! आयुष्यभर आठवडी बाजारात जे केलं तेच केलं. चामडं फाटलंय, तारा नाहीत, दुरुस्तीला किती लागतील, असं सगळं मास्तरी थाटात ऐकवलं. चाचा फार बोलले नाहीत. नऊ हजारांवर मिटलं. त्यांनी सारंगी जुन्या धोतरात गुंडाळून दिली, सोबत एक गज दिला. मी एसटीत खिडकीशी बसून, लहान मूल मांडीवर घ्यावं तशी ती घेऊन यवतमाळला आलो. तीन हजार वाचवले म्हणून खूश होतो, हेही लिहितो.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याशी फोनवर बोलताना कळलं की चाचांना त्याच आठवड्यात बायकोच्या दवाखान्याचे पैसे भरायचे होते. "सर, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. पानठेल्यावर सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. मी "अस्सं का" म्हणून विषय बदलला. त्या वेळी काहीच केलं नाही.

नागपूरच्या एका कारागिराकडून चामडं मढवून घेतलं, तारा चढवल्या. दोन महिने गेले. त्याने वाद्य हातात देताना सोबतचा गज बोटावर तोलला आणि म्हणाला, "हा गज हिचा नाही. हा शिकाऊ पोराचा आहे, हलका. हिच्या तांती जाड लागतात, घोडीवरच्या खाचा बघा. हिला वजनाचा गज पाहिजे." मला वाटलं हा नवा गज खपवतोय. घरी येऊन गजाच्या केसांना राळ लावली, गज ओढला. कुं कुं असा आवाज. सौ. म्हणाली, "मांजर अडकलं का कुठे?"

तेव्हा आठवलं. चाचांच्या खोलीत आरशाजवळ खिळ्याला, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट टांगलेलं होतं. पुढच्याच गुरुवारी मी दारव्हा गाठलं. "चाचा, दुसरा गज द्यायचा राहिला वाटतं," असं म्हणालो. माझा सूर वर्गात चोरी पकडल्यासारखा होता, हे माझं मलाच ऐकू आलं. चाचांनी उठून फडकं सोडलं. जड, काळा गज, जिथे अंगठा टेकतो तिथे लाकडाला खळगा पडलेला. तो खळगा त्यांच्या वडिलांच्या अंगठ्याचा. ते म्हणाले, "घ्या गुरुजी. सारंगीसंगच जायला पाहिजे होता. माझंच मन झालं नाही." पैशाचं नावसुद्धा काढलं नाही.

आणि मंडळी, मी तो घेतला. चहा पिऊन, गज पिशवीत घालून परत आलो.

त्या गजाने सारंगी बोलली. मी काही वाजवत होतो असं नाही, नुसता षड्ज. पण खालच्या तरफा जाग्या झाल्या आणि खोली भरून गेली. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. आठ दिवस मी रोज तो एकच सूर ओढत होतो, आणि रोज माझा अंगठा त्या खळग्यात जाऊन बसत होता. तो खळगा माझ्या अंगठ्याच्या मापाचा नव्हता. नवव्या दिवशी सारंगी, गज आणि पाकिटात तीन हजार रुपये घेऊन परत एसटीत बसलो.

चाचा पैसे घेईनात. "सौदा झाला तो झाला," म्हणाले. मी चाळीस वर्षं मुलांना समजावलं, पण त्या माणसापुढे मला वाक्य सुचेना. शेवटी म्हटलं, "मग मला शिकवा. ही शिकवणीची फी समजा." ते बराच वेळ गप्प बसले. मग गज हातात घेतला, केस अंगठ्याने चाचपले आणि सारंगी मांडीशी टेकवली. नखं मऊ पडली होती, बोट दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा सूर लागला. आतल्या खोलीतून चाची आधार घेत उठून दारात आल्या.

तेव्हापासून आमचं असं ठरलंय. गज चाचांच्याच खिळ्याला असतो. मी जमेल तेव्हा गुरुवारी सारंगी घेऊन जातो, तिथे त्या गजाने वाजवतो, आधी ते आणि मग मी. घरी मी शिकाऊ पोराच्याच गजाने सराव करतो, आणि तोच मला शोभतो. पंचाहत्तरीत माझ्या हाताला सा, रे, ग एवढेच आलेत. 'म' अजून पळतो.

नातीला मी त्या दिवशी बोबद्दल बरंच विचारलं. ती सांगत होती की बासची जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा हलते, तिला हलवायला वजनदार बो लागतो. चांगले बो ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाचे असतात आणि ती झाडं इतकी तोडली गेली की २००७ पासून त्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. बासचा बो धरायच्या दोन पद्धती, फ्रेंच आणि जर्मन. ती जर्मन पद्धतीने धरते, तळवा खालून वर. मी पाहतच राहिलो. आपल्या सारंगियाचा हातही असाच खालून असतो!

परवाच्या गुरुवारी तिचा व्हिडिओ चाचांना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिला. म्हणाले, "एवढी मोठी सारंगी! पोरीचा हात बरोबर आहे. फक्त खांदा सैल सोड म्हणा."

निरोप तिला कळवलाय.