तिसरी बाजू

मामाच्या पश्चात डोंबिवलीची जागा रिकामी करायचं ठरलं आणि मामीचा फोन आला. "अगं, ती रेकॉर्डची खोकी घेऊन जा बाई, नाहीतर रद्दीवाल्याला देऊन टाकते." माळ्यावरून खोकी उतरवली तसा डांबरगोळ्यांचा आणि ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास घरभर सुटला. सगळ्यात वर येस या इंग्लिश बँडचा जोडअल्बम होता, 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. रॉजर डीननं काढलेल्या चित्रातल्या माशांवर पांढरी बुरशी चढली होती आणि कव्हरच्या दोन्ही पानांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं. दुसरी तबकडी बाहेर काढून खिडकीशी उजेडात तिरपी धरली. चौथी बाजू वापरून वापरून राखाडी पडली होती. उलटवली, तर तिसरी काळीभोर, करकरीत. बाहेरच्या कडेला नखाएवढ्या पट्ट्यात तेवढ्या पिन फिरल्याच्या खुणा होत्या. त्याच्या आत काही नाही.

मामा बोटीवर इंजिनिअर होता. ही रेकॉर्ड त्यानं लिव्हरपूलला घेतली होती. तो सुट्टीवर आला की रविवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत जमायचो. शेजारचे बापूकाकाही यायचे. ते भजनी मंडळात तबला वाजवायचे, इंग्रजी गाणी वगैरे त्यांच्या गावीही नसायची, पण समोर काहीही लागलं तरी ते मान खाली घालून पूर्ण ऐकायचे. पहिली बाजू व्हायची, दुसरी व्हायची. तिसरी लागली की मिनिटभरात मामाचा हात पिनेकडे जायचा. "अरे थांब ना, काहीतरी मांडतोय तो," बापूकाका म्हणायचे. मामा पिन उचलून तबकडी उलटी करायचा आणि थेट चौथी बाजू लावायचा. तो हात मला आजही स्पष्ट दिसतो: तळव्यावर भाजल्याचा जुना डाग, आणि अंगठा नि तर्जनीत अलगद धरलेली पिन.

चार बाजू, चार रचना, एकूण ८१ मिनिटं. १९७३ च्या मार्चमध्ये टोकियोच्या हॉटेलात गायक जॉन अँडरसन परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता. आपल्याकडे ते 'योगी कथामृत' म्हणून घरोघरी आहे. पुस्तकाचं नाव त्याला किंग क्रिम्सन या बँडच्या जेमी म्यूरनं सुचवलं होतं, तेही एका लग्नात. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार प्रकार दिले आहेत, श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. अँडरसननं त्या तळटीपेवर अख्खा जोडअल्बम उभा केला. गिटारवादक स्टीव्ह हाउ आणि तो दौऱ्यावर असताना रात्री हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून त्याची जुळणी करायचे. ध्वनिमुद्रण कुठे करायचं यावर बँडमध्ये मतभेद झाले. काहींना खेड्यात जायचं होतं. शेवटी लंडनचा मॉर्गन स्टुडिओ ठरला, तर मॅनेजरनं तिथे गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याच्या गाई आणून ठेवल्या. विक्रीला येण्याआधीच, नोव्हेंबरात, बँडनं हे सगळं इंग्लंडच्या रंगमंचांवर सलग वाजवलं. लोकांनी पूर्वी कधी न ऐकलेली ऐंशी मिनिटं त्यांच्यासमोर एका बैठकीत ठेवली. १९७४ च्या जानेवारीत अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि 'मेलडी मेकर' आणि 'रोलिंग स्टोन' या दोन्ही संगीतपत्रांत त्यावर कडक टीका आली. भांडण तेव्हा सुरू झालं, ते अजून चालू आहे. एका बाजूच्यांना हे रॉक संगीताचं शिखर वाटतं, दुसरीकडच्यांना पसरट आणि पोकळ.

ज्यांना हा अल्बम आवडत नाही त्यांच्याशी माझं काही वैर नाही. माझा राग आहे तो जेवणाच्या गोष्टीवर. बँडमधले बाकीचे शाकाहारी झालेले. कीबोर्डवादक रिक वेकमन मात्र मांस आणि बिअर सोडायला तयार नव्हता. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये हाच अल्बम वाजवणं चालू असताना त्यानं कीबोर्डमागे बसून करी खाल्ली. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगतो. त्या ताटात विंदालू होता म्हणे. आमच्या गोव्याकडच्या नात्यात विंदालू म्हणजे व्हिनेगरमध्ये आणि लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस, पोर्तुगीजांकडून आलेलं, दुसऱ्या दिवशी जास्त लागणारं. इंग्लंडमधल्या हॉटेलांपर्यंत पोचेतो त्यातला तिखटपणाच तेवढा उरला. अल्बमचंही तसंच झालं. पन्नास वर्षांच्या वादातून लोकांच्या हाती ही एक गोष्ट उरली. ती ऐकतात, हसतात, आणि रेकॉर्ड ऐकायची राहूनच जाते.

वेकमनचा खरा आक्षेप मात्र संगीताचा होता आणि तो मी मानानं ऐकते. एका रेकॉर्डला जास्त आणि दोन रेकॉर्डना कमी एवढा ऐवज आपल्याकडे होता, म्हणून तो ताणला गेला, असं त्याचं म्हणणं. मे १९७४ मध्ये त्यानं बँड सोडला, आणि त्याच महिन्यात त्याचा स्वतःचा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. ताणल्याचा आरोप मला दुसऱ्या बाजूबद्दल थोडाफार पटतो. पण या अल्बममधलं वेकमनचं सर्वांत देखणं काम त्याच बाजूवर आहे, मेलोट्रॉन या कीबोर्डच्या त्या लांबच लांब, पाण्यासारख्या सुरांत. ती बाजू आखडली असती तर ते सूर राहिले नसते.

आणि ताणलं म्हणताना पहिल्या बाजूकडेही बघायला हवं. तिच्या सुरुवातीचा दोनेक मिनिटांचा तुकडा मूळ तबकडीत वगळला होता. २००३ च्या आवृत्तीत तो परत आला, तेव्हा रचना बावीस मिनिटांवर गेली. म्हणजे एकाच अल्बममध्ये एकीकडे भर घातल्याची तक्रार आणि दुसरीकडे कापाकापी. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावतात, एवढाच त्याचा हिशेब. आपल्या गाण्यालाही या हिशेबानं खूप छळलं आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांना ७८ च्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची, त्यात त्यांनी राग उभा केला. १९५५ मध्ये अली अकबर खाँसाहेबांनी न्यूयॉर्कला एलपी केली तेव्हा कुठे एका रागाला एक अख्खी बाजू मिळाली. मैफलीत तासभर रंगणारा विलंबित ख्याल त्या बाजूत बसवताना गवयांनी काय काय गाळलं, ते तबकडीवर ऐकू येत नाही. मैफलीतला तो पसारा सवयीचा असल्यानं बापूकाकांना वीस मिनिटांची भीती कधीच वाटली नाही. विलंबित एकतालाच्या समेची वाट बघणारा माणूस तो.

तिसरी बाजू, 'द एन्शंट', मी पूर्ण ऐकली ती हॉस्टेलवर. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर अल्बम नेमका बसायचा, दोन बाजू अलीकडे, दोन पलीकडे, आणि कॅसेटवरून पिन उचलता येत नाही. सुरुवातीला अ‍ॅलन व्हाइटचे ड्रम, धातूचे ठोके, हाउच्या स्टील गिटारच्या किंकाळ्या आणि त्यात अँडरसन वेगवेगळ्या भाषांतली सूर्याची नावं घेतोय. हे कर्कश आहे, आणि तसंच ते असायला हवं. बारा मिनिटं हा गदारोळ चालतो. मग तो ओसरतो आणि हाउ नायलॉनच्या तारांची गिटार एकट्यानं वाजवू लागतो. आधीची आदळआपट झेलून आलेल्या कानाला त्या तारा जशा लागतात तशा नुसत्या ऐकल्या तर लागत नाहीत. मी तो तुकडा वेगळा काढूनही ऐकून पाहिला आहे. छान आहे, पण त्यापलीकडे काही होत नाही.

पुढे एकदा मी मामाला विचारलं होतं, "तू तिसरी बाजू का लावत नाहीस रे?" तो चहा ओतत होता. म्हणाला, "अगं, सहा-सहा महिने मी इंजिनरूममध्ये हेच ऐकतो. घरी आल्यावर पण तेच?" मी पुढची गिटार सांगायला गेले नाही. अर्धं आयुष्य पिस्टनच्या आवाजात काढलेल्या माणसाला बारा मिनिटं अजून कळ काढ असं सांगण्याचा अधिकार मला वाटला नाही, आजही वाटत नाही. समीक्षकांच्या नकारापेक्षा त्याचा नकार मला जास्त खरा वाटतो, कारण त्याची किंमत त्यानं कानांनी मोजली होती. शेवटी शेवटी त्याला उजव्या कानानं काही ऐकू येत नव्हतं.

बुरशी मी साबणाच्या कोमट पाण्यानं आणि मऊ फडक्यानं काढली, कव्हर मात्र वाचलं नाही. माझा निवाडा सांगते: पहिली आणि चौथी बाजू निर्विवाद थोर, दुसरी रेंगाळते पण हवी, आणि तिसरी या अल्बमचा गाभा आहे. तुम्हाला तो पटलाच पाहिजे असं नाही. पण इंजिनरूममधून आलेले नसाल, तर तिसरी बाजू निम्म्यावर बंद करू नका. शेवटच्या पाच-सहा मिनिटांपर्यंत पोचा, आणि मग आवडली नाही म्हणा.