कुठे अडलात?

तीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासत आलो. लाल पेन हे जणू हाताचे सहावे बोटच होऊन बसले आहे. माझे लिहिणे मात्र, एम. ए.ची उत्तरपत्रिका दिल्यानंतर, कोणी तपासल्याचे स्मरत नाही. तो योग अखेर आणला आमच्या शाळेच्या शिपायांनी. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो.

आमच्या बेळगावकडच्या या हायस्कुलात संगणकांवर लिनक्स आहे आणि लेखनासाठी लिब्रेऑफिस. दोन्ही मुक्त, पैसे मोजावे लागत नाहीत आणि आतली रचना कोणीही पाहावी, बदलावी. लिब्रेऑफिसचे इंग्रजी मार्गदर्शक ग्रंथही तसेच. स्वयंसेवक ते लिहितात, आणि मूळ लेखकांचे ऋण नोंदवून कोणीही त्यांत फेरफार करू शकतो. त्यांतल्या लेखनाविषयीच्या ग्रंथाच्या आधाराने मी चाळीस पानांची मराठी पुस्तिका केली. मूळ ग्रंथाच्या आरंभी वाचकांनी आपल्या सूचना कळवाव्यात अशी विनंती आहे. ती मला औपचारिक वाटली, म्हणून गाळली. संगणक-कक्षात सुतळीने बांधलेली अभिप्राय-वही तेवढी ठेवली. खरे सांगायचे तर कौतुकासाठी. कौतुक आलेही. ‘छान आहे, सर’, ‘स्तुत्य उपक्रम’, ‘खूप आवडली’. वही निम्मी भरली तरी पुस्तिकेतले एक अक्षर बदलावे असे कोणी सुचवले नाही.

मामा शाळा सुटल्यावर पुस्तिका शेजारी ठेवून टंकलेखन शिकत. आषाढीच्या दिंडीची यादी, म्हणजे माणसांची नावे, गावे, फोन, ते हौसेने करीत होते. मग एकाएकी त्यांनी संगणक सोडला. विचारले तर म्हणाले, ‘ते आमचं काम नव्हं, सर.’ दोन महिन्यांनी, चहा पिताना, खरी गोष्ट बाहेर आली.

माझ्या पुस्तिकेत होते, ‘काम संपले की खिडकी बंद करावी.’ मामांनी बंद केली. काम साठवलेले नसल्यामुळे पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला आणि तीन बटणे आली. त्याविषयी पुस्तिकेत अवाक्षर नव्हते. मामा कानडी आणि मराठी झरझर वाचतात. इंग्रजी अक्षरे जुळवून जुळवून. ‘सेव्ह’ हा शब्द मीच त्यांना पाठ करून दिलेला. ‘तुम्ही सांगितलेलं सेव्ह बघितलो आणि दाबलो,’ ते म्हणाले. ते बटण ‘डोन्ट सेव्ह’चे होते. दोन संध्याकाळींची यादी गेली.

‘मग मला सांगितलं का नाही, मामा?’

‘तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार की, सर. माझंच चुकलं असंल.’

मला चहा गोड लागेना. निम्म्या भरलेल्या त्या वहीत असे आणखी किती जण गप्प बसले असतील?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड क्नूथ यांनी ‘टेक’ ही छपाईची मुक्त संगणकप्रणाली केली आणि तिच्यावर १९८४ साली पुस्तक लिहिले. त्यांच्या पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट देत आले आहेत. सोळाच्या मोजणीत १०० लिहिले की आपले २५६ होतात, ही त्यातली गंमत. लोक ते धनादेश वटवत नसत, चौकटीत लावत. २००८ पासून तर ते एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे पाठवू लागले. एवढा मोठा पंडित आपल्या चुका विकत घेतो, आणि मी सुतळी बांधून शाबासकी गोळा करीत होतो!

वही काढली. तिच्या जागी पेटी ठेवली आणि वर लिहिले, ‘कोणत्या पानावर अडलात? तेव्हा पडद्यावर काय दिसत होते? मराठीत किंवा कानडीत लिहा. नाव नको.’ पहिला आठवडा कोरडा गेला. मग, क्नूथांचे स्मरण करून, ज्याला नाव सांगायचे असेल त्याला एका चुकीमागे कुंद्याचा एक तुकडा जाहीर केला. पेटी भरू लागली; कुंद्याचा खर्च बेताबाहेर गेला. ‘कळफलक म्हणजे कीबोर्डच का?’ अशा चिठ्ठ्या तर डझनभर. माझ्या एम. ए.ला तो शब्द फार प्रिय होता. पण मुले तो पडद्यावर शोधत बसली होती. एक कानडी चिठ्ठी अशी: ‘अकराव्या पानावरचे चित्र आमच्या संगणकावर दिसते तसे नाही.’ पाहिले, खरेच नव्हते. मी ते माझ्या घरच्या संगणकावरून घेतले होते.

चिठ्ठ्यांतही सगळे येत नाही. आपण अडलो हेच ज्याला कळत नाही, तो काय लिहिणार? म्हणून दुसरी आवृत्ती छापण्यापूर्वी मामांना विनवले, ‘तुम्ही यादी पुन्हा करा. मी नुसता मागे बसतो.’

शिक्षकाला मागे गप्प बसवणे ही शिक्षाच. मामा मोठ्याने वाचत होते, एक बोट पुस्तिकेवर, एक पडद्यावर. खिडकी बंद करण्याचे पान आले. आता तिथे तिन्ही बटणांचे चित्र होते, प्रत्येकाचा अर्थही. मामांनी योग्य ते दाबले आणि मान वळवून हसले. मी जिंकल्यासारखा खुर्चीत रेललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी शोधायला घेतली. सतराव्या पानावर बोट थांबले. हलेना. ओठांवर आलेले उत्तर मी गिळले आणि वहीत १७ लिहिले.