मुंबईत सूर्य उशिरा मावळतो

व्यापारी घरातील मुलगा शिक्षणासाठी महानगरात निघाला की त्याच्या पेटीत कपड्यांबरोबर खाखऱ्यांचा डबा आणि पुष्कळशा सूचना भरल्या जातात. खाखरे पंधरा दिवसांत संपतात; सूचना त्याही आधी. पुढे मुलगा काय खातो आणि केव्हा खातो, ही चौकशी दूरध्वनीवरील ‘जेवलास का?’ या प्रश्नापाशीच थांबते. मुकुटबनच्या एका ओसवाल घरातील तरुण चार्टर्ड अकाउंटंटच्या उमेदवारीसाठी मुंबईस गेला, त्याची हकीकत म्हणूनच ऐकण्याजोगी आहे. हा तरुण घरचे नियम पाळणारा, आणि तितकाच खाण्याचा शौकीन.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील, माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे, तेलंगणाच्या सीमेजवळचे गाव. तेथील व्यापारी घरांच्या स्वयंपाकात मारवाडचे गट्टे आणि पापडाची भाजी आहेच. पण वऱ्हाडची पाटोडी, आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरीही तितकीच घरची झाली आहे. अशा ताटावर वाढलेली जीभ मुंबईत स्वस्थ बसणे शक्यच नव्हते.

त्याने रविवार खाण्यासाठी राखून ठेवला. काळबादेवीतील १९४५ पासूनचे श्री ठाकर भोजनालय झाले. ताडदेवच्या, १९६३ साली सुरू झालेल्या स्वाती स्नॅक्समध्ये केळीच्या पानात भाजलेली पातळ पानकी त्याने पान हलकेच सोडवीत खाल्ली. माटुंग्यास रामा नायक यांच्या १९४२ सालच्या उडिपी बोर्डिंगमध्ये, सांबारात कांदा-बटाटा आहे काय हे आधी विचारूनच तो केळीच्या पानापुढे बसला. कापसाच्या सौद्यांसाठी रात्री ताटकळणाऱ्या दलालांची भूक भागविताना पावभाजी जन्मली, अशी एक कथा मुंबईत सांगतात. कापसाच्या मुलखातून आलेल्या या तरुणाला ती फार आवडली. प्रत्येक पदार्थाची तारीख, किंमत आणि शेरा तो एका वहीत लिहून ठेवी. हिशेबाची सवय खाण्यातही सुटत नसते.

त्या वहीतच त्याला एक विसंगती दिसू लागली. मुंबईत ‘जैन’ हा शब्द फार स्वस्त आहे. सँडविच जैन, पिझ्झा जैन, पावभाजीही जैन. बटाट्याच्या जागी कच्चे केळे घातले की काम झाले. गाडीवाला ‘जैन’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ कांदा, लसूण, बटाटा नाही, एवढाच असतो. तो पाव कधीचा आहे, तवा कशाकशाला लागला आहे, हे त्यात येत नाही. दहीवड्यात कच्चे दही आणि उडीद एकत्र येऊन द्विदळ होते, हे तर त्याच्या गावीही नसते. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढे सांगतो. आत कंदमूळ आहे की नाही, ते सांगत नाही. घरी आई जो नियम न बोलता सांभाळत होती, तो येथे एका शब्दाच्या भरवशावर सोडला गेला होता.

खरी अडचण मात्र पदार्थांची नव्हती, वेळेची होती. निघण्यापूर्वी त्याने रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला होता. मुकुटबन मुंबईच्या पूर्वेस सुमारे सहा अंश रेखांशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे मुंबईत सूर्य सुमारे २४ मिनिटे उशिरा मावळतो. या हिशेबाने तो सुखावला. पण शहर ही २४ मिनिटे केव्हाच गिळून टाकते. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, कार्यालय सुटणार सातनंतर, आणि घाटकोपरच्या खोलीवर पोहोचेपर्यंत आठ. दुपारची भूक १८९० पासून मुंबईला घरचे अन्न पोहोचविणारे डबेवाले भागवीत. संध्याकाळचा डबा कोण आणणार? तीन महिने तो बहुतेक रात्री उपाशी झोपला. वजन उतरले, पित्त वाढले. विद्यावेतन रविवारच्या चैनीत जात होते आणि इतर दिवशी पोट रिकामे राहत होते. नियम सोडावा की मुंबई सोडावी, इथवर गोष्ट आली.

वडिलांनी दुकान सांभाळण्यास परत बोलावले. आईने एवढेच विचारले, “तुला रांधता येते का?”

येत नव्हते. मग पहाटेचे धडे दूरध्वनीवर सुरू झाले. मुलगा ग्रॅम विचारी, आई ‘अंदाजाने’ म्हणे. शेवटी वाटी हे माप ठरले. पहिली पाटोडी थापताच फुटली. कढीने तर आठवडाभर छळले. द्विदळ होऊ नये म्हणून ताक आधी तापवायचे आणि मग बेसन घालायचे. पण नुसते ताक तापताना फाटते. मंद आच आणि हात न थांबवता ढवळणे, हा उपाय आठव्या दिवशी साधला. कांदा-लसणाविना रस्सा पोकळ का लागतो, हेही त्याने शोधून काढले. सुके खोबरे काळपट होईतो भाजावे, हिंग तेलात फुलू द्यावा, ओल्या आल्याच्या जागी सुंठ घालावी. रस्सा भरदार होतो. पर्वतिथीला हिरवी भाजी नसते, त्या दिवशी हीच पाटोडी कामी येऊ लागली.

आता तो सकाळीच दोन डबे भरतो. वरिष्ठांना विचारून साडेपाचला पंधरा मिनिटे मागून घेतली आणि त्यांच्या बदल्यात सकाळी पंधरा मिनिटे लवकर जातो. चैत्रातील ओळीचे नऊ दिवस त्याने आयंबिलही केले. दिवसातून एकदाच, तूप, तेल, दूध, दही, गोड, सगळे वर्ज्य. पाचव्या दिवशी नुसत्या उकडलेल्या मुगाला स्वतःची गोडी आहे, असे त्याच्या लक्षात आले. वहीत त्या दिवशी किमतीचा रकाना कोरा आहे, शेऱ्यात ‘उत्तम’ लिहिले आहे.

रविवार त्याने सोडलेला नाही. पानकी अजूनही त्याला खुणावते. फक्त तो आता नेमके विचारून खातो आणि निम्म्या भुकेवर उठू शकतो. नियमाने त्याची जीभ मारली नाही, चोखंदळ केली.

मुलींना स्वयंपाक शिकविणारी घरे मुलांना मात्र केवळ डबा भरून देतात. परगावी निघणाऱ्या मुलाला खिचडी, भाकरी, वरण, कढी आणि एक रस्सा, एवढे पाच पदार्थ निघण्यापूर्वी यावेत. खाखऱ्यांचा डबा पंधरा दिवस पुरतो. हे पाच पदार्थ जन्मभर पुरतील.