आकडे कुठे ठेवलेत?

बडोद्यात विश्वामित्रीच्या मगरींवर काम करणाऱ्याला आकड्यांचा तुटवडा नसतो. ते कुणाकडे आहेत, हेच कळत नाही. मला नदीच्या एका पट्ट्यातली जुनी मोजणी हवी होती. तिचा आलेख असलेल्या शोधनिबंधाच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतं: मूळ माहिती मागितल्यास मिळेल. मागितली. लेखकाचा ईमेल बंद होता आणि त्यांचा संगणक केव्हाच भंगारात गेला होता.

त्याच दिवसांत बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिराने काढलेली वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती चाळत होतो. बालकांड १९६०चं, उत्तरकांड १९७५चं. पानावर वर संपादकाने ठरवलेला पाठ, आणि खाली शारदा, मैथिली, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांचे वेगळे पाठ. प्रत्येक पोथीला खुणेचं अक्षर. अयोध्याकांड प. ल. वैद्यांनी संपादलं. त्यांचा निर्णय पटला नाही, तर तळटीप घेऊन आजही त्यांच्याशी भांडता येतं. आमच्या विज्ञानाच्या निबंधांत ही सोय का नसावी?

मग माझी मोजणी झेनोडोवर ठेवली. युरोपातल्या सर्न या संस्थेचं हे भांडार फुकट आहे, आणि तिथे प्रत्येक संचाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक मिळतो. फाइल चढवायला वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो सोबतच्या माहितीपत्रकाने. रात्री टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे मोजले की दिवसा काठावरच्या मगरी? शून्य म्हणजे मगर दिसली नाही. रिकामा रकाना म्हणजे त्या दिवशी नदीवर गेलोच नाही. हे लिहिलं नाही, तर पुढचा माणूस दोन्हींची बेरीज करून मोकळा होईल. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र दिल्या नाहीत. खुलेपणापायी अंडी धोक्यात घालणं मला मान्य नाही.

“पेपर झाला ना? मग हा उद्योग कशाला?” असं सरांनी विचारलंच. बढतीच्या अर्जात या कामाला फारसं कुणी मोजत नाही, हेही खरं.

पण डीओआय म्हणजे जादू नव्हे. फाइलची जागा बदलली, तर नवा पत्ता त्या क्रमांकाशी कुणीतरी नोंदवावा लागतो. म्हणूनच स्वतःच्या वेबपानापेक्षा मी भांडार निवडलं. चूक सुधारली की तिथे नवी आवृत्ती निघते, तिला वेगळा क्रमांक मिळतो आणि जुनीही जागेवर राहते.

तेव्हा माझे आकडे जरूर वापरा. फक्त उल्लेख आभारात नको, संदर्भसूचीत करा, आणि कोणती आवृत्ती घेतलीत तेही लिहा.