गडचिरोलीची वेलांटी

दिवाळी सरली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात. दारावर रंगीत फलक चढतात, गावोगावची मंडळं तारीख धरायला येतात आणि तिथून होळीपर्यंत माझ्या संगणकाला उसंत नसते. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं. त्याचं पत्रक आधीच्या कुठल्यातरी रात्री माझ्या टेबलावर जुळलेलं असतं.

नाटक तेच, कलाकार तेच. बदलतं ते गाव, तारीख आणि आयोजक मंडळाचं नाव. म्हणून कंपनीचा माणूस जुनी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येतो. "भाऊ, फक्त गाव बदलवून द्या." फाइल उघडताच कोरलड्रॉ एक चौकट समोर धरतो: अमुक फॉन्ट या यंत्रात नाही, त्याच्या जागी कोणता घेऊ? या चौकटीवरचं 'ओके' घाईत दाबायचं नाही, हे माझ्याकडे काम शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच दिवशी सांगतो.

इंग्रजी मजकुराचा फॉन्ट हरवला तर अक्षराचं वळण बदलतं, ओळी लांबतात, पण अक्षर तेच राहतं. आमच्या जुन्या मराठी फाइलींत मुळात मराठी अक्षरच साठवलेलं नसतं. कृतिदेव फॉन्टमध्ये 'वडसा' टाइप केलं की फाइलीत जातात त्या इंग्रजी कळा: ओ, मोठा एम, एल आणि के. ओच्या जागी व दाखवायचा, हे फक्त फॉन्टला ठाऊक. तो नसेल तर गावही नाही. श्रीलिपी आणि आकृतीची मांडणी आणखी निराळी, त्यामुळे एकातला मजकूर दुसऱ्यात नेला तर देवनागरीच दिसते, पण तिचा अर्थ लागत नाही. अशा चुकीला मी भीत नाही. ती आंधळ्यालाही दिसेल. भीती वाटते ती जवळजवळ बरोबर दिसणाऱ्या मजकुराची.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. पण छापखान्यांचा जीव पानं लावायच्या पेजमेकरवर. त्याची शेवटची आवृत्ती 2001 सालची, आणि तिला युनिकोड कळत नाही. आता गावांची यादी मोबाइलवर युनिकोडमध्ये येते, साचा मात्र कृतिदेवमध्ये पडलेला. म्हणजे रोज इकडचा मजकूर तिकडे आणि तिकडचा इकडे फिरवणं आलं. त्यात सगळ्यात नाजूक जागा पहिल्या वेलांटीची. टंकलेखन यंत्राच्या सवयीने कृतिदेवमध्ये वेलांटी आधी मारतात आणि अक्षर मागून येतं. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये नेताना ही अदलाबदल राहून गेली की वेलांटी आधीच्या अक्षराला जाऊन चिकटते.

माझ्या हातून तसं एकदा झालं. हजार पत्रकं छापून, कापून, गठ्ठे बांधून झाले आणि वरच्या पत्रकावर माझी नजर गेली: 'गडिचरोली'. वेलांटी च सोडून ड वर बसली होती. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून वेगळा होऊन जो जिल्हा आपल्या नावानं उभा राहिला, त्याचं नाव माझ्या टेबलावर मोडलं होतं. पत्रकं पुन्हा छापली, कागद माझा गेला. त्याचं दुःख नव्हतं. प्रुफावरून माझी नजर दोनदा फिरली होती आणि दोन्ही वेळा मी शब्द न वाचता त्याचा आकार पाहिला होता, हे लागलं.

तसंच 'पऱ्हे'. मृगानंतर धानाच्या पऱ्ह्यांवर, म्हणजे रोपांवर, शेतकऱ्यांसाठी पत्रक निघतं. हिंदीसाठी घडवलेला फॉन्ट बदली म्हणून आला आणि त्यात हा आडवा र नसला, तर शब्द 'पर्हे' होतो. ल आणि श देखील हिंदी वळणाचे होतात. चालतंय की, असं म्हणणारे आहेत. मला चालत नाही. बांधावर उभं राहून वाचणाऱ्याला आपला शब्द आपल्यासारखा दिसला पाहिजे.

आता प्रत्येक कंपनीच्या फोल्डरात मी दोन फाइली ठेवतो. एक कर्व्ह केलेली, छापखान्यासाठी. तिला फॉन्ट लागत नाही, पण तिच्यात अक्षर उरत नाही, नुसत्या रेषा उरतात, पुढच्या साली गाव बदलता येत नाही. म्हणून दुसरी मूळ फाइल, आणि तिच्या शेजारी तिचे फॉन्ट, ज्या आवृत्तीत काम झालं त्याच आवृत्तीचे. नाव तेच आणि आतली मांडणी वेगळी असा फॉन्ट न मिळालेल्या फॉन्टपेक्षा वाईट. कोपऱ्यातला जुना संगणकही याचसाठी जपलाय. दर महिन्याला तो एकदा सुरू करून पाहतो.

आणि छापायला देण्याआधी कंपनीच्या पोराला समोर बसवतो. प्रूफ त्याच्या हातात, मोबाइलवरची यादी माझ्या हातात. आमच्याकडच्या गावांना ही पहिली वेलांटी फार. तो मोठ्यानं वाचतो, सिंदेवाही, चिमूर, चिचपल्ली, सिरोंचा, आणि प्रत्येक नावाला मी त्याला थांबवून विचारतो, वेलांटी कोणत्या अक्षरावर आहे ते बोट ठेवून दाखव.