रस्ता रुंद होण्याआधी

जव्हार तालुक्यात जामसरच्या बाजूला रस्त्याच्या कडेकडेने चालायचं आणि जमिनीवर जे दिसेल ते लिहून घ्यायचं, एवढंच काम मला सांगितलं होतं. रस्ता रुंद करायला घेतला, मोरी काढून पूल बांधला, तर जुनं काय काय पुसलं जाईल, याची ही पुरातत्त्वीय पाहणी. माझ्या डोक्यात भिंती, विटा, नाणी. समोर मात्र खडी, मुरूम आणि भातरोपांसाठी भाजलेले राब. यात बघायचं तरी काय?

"विटा शोधू नकोस," पाहणीच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "घाटावर पांढरीचं टेकाड दिसलं की जुनी वस्ती कळते. इथली घरं कारवीच्या कुडाची. पाडा उठला की थोड्याच पावसाळ्यांत घर मातीला मिळतं." उरतात ती खापरं, जात्याचा तुकडा, चुलीचे दगड, कधी गारेची धारदार छिलकी.

एके ठिकाणी रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत, हातभर खाली, काळी रेघ दिसली. चूल की जुना राब? राबाची राख लांबवर पातळ पसरते. चुलीची एका जागी साचते आणि तिच्याखालची माती भाजून लाल होते. पण जव्हारची माती मुळातच तांबडी! कितीही निरखलं तरी माझं काही ठरेना. मॅडमनीही तिथल्या तिथे निकाल दिला नाही. मोजपट्टी लावून फोटो काढला, जीपीएसवर जागा टिपली, रेघेची जाडी आणि लांबी लिहिली. परवानगीशिवाय उकरायचं नाही, खापरही खिशात टाकायचं नाही.

सगळ्यात पक्की माहिती मिळाली ती एका आजींकडून. "पाडा आधी ओहोळाच्या पल्याड होता," त्या म्हणाल्या आणि थेट जागेवर घेऊन गेल्या. झाडाखाली वाघदेव होता; दगडावर वाघ, वर सूर्य आणि चंद्र. वाघबारशीला त्याची पूजा होते. आजींना विचारूनच आम्ही त्याची नोंद केली. ज्याला आजही नारळ फुटतो, त्याला 'अवशेष' म्हणायला माझी जीभ रेटेना, पण रस्त्याच्या आखणीत त्याची जागा दिसलीच पाहिजे.

कायदा आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. पण हे संरक्षण आधीच यादीत असलेल्या स्मारकांना. उठून गेलेल्या पाड्याची यादी कोण करणार? इंग्लंडमध्ये १९९०पासून परवानगी देण्याआधीच जमिनीखाली काय असेल याचा विचार नियोजनात होऊ लागला. आपल्याकडेही प्रत्येक रस्त्याआधी अशी पायी पाहणी सक्तीची व्हावी, असं मला मनापासून वाटतं. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं तरी कशी पुढे आली? सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी सडे तुडवत, गावोगाव विचारत फिरले. २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

आमची ओहोळापलीकडची बाजू अजून चालायची राहिली आहे. राब भाजून जमीन उघडी आहे तोवरच ते जमेल. पहिल्या पावसानंतर गवत वाढलं की खापर पायाखाली असूनही दिसणार नाही. आजींनी आणखी दोन जुन्या पाड्यांच्या जागा सांगितल्या आहेत. त्या नकाशावर घालून ठेवल्यात.