शून्य पावले

मोजमापाचे माणसाला विलक्षण वेड आहे. पण दूध लिटरने मोजावे आणि कापड मीटरने, एवढे तारतम्य आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही असते. माणसाच्या श्रमांची गोष्ट निघाली, की हे तारतम्य कुठे हरवते कोण जाणे!

माझा धाकटा भाऊ पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून व्हीलचेअरवर असतो. चाके स्वतःच्या हातांनी फिरवतो. त्याने हौसेने पावले मोजणारे घड्याळ घेतले. दिवसभर कचेरी, वाटेतला चढ, येताना मंडई; सदरा घामाने चिंब! आणि घड्याळाचा हिशेब काय, तर पावले शून्य! शिवाय दर तासाला उपदेश : 'उठून उभे राहा.' आई म्हणाली, "मेल्याला डोळे नाहीत का?" भाऊ हसला खरा, पण त्या शून्याकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तसे पाहिले तर २०१६ पासून ॲपलच्या घड्याळात चाकांना दिलेले रेटे मोजण्याची सोय आहे. पण गोष्ट घड्याळापुरती नाही. दमसास मोजायचा तो धावत्या पट्ट्यावर! भावासाठी हातांनी फिरवायची पेडले आणावी लागली. तोंडावर मुखवटा चढवून श्वासातला प्राणवायू मोजला. हातांचे स्नायू लहान, तेव्हा आकडा पायांपेक्षा कमीच येणार. तो चालणाऱ्यांच्या कोष्टकाशी ताडायचा कशाला?

नाडीचेही तसेच. इजा मानेत असेल, तर हृदयाला वेग देणारे मज्जातंतूच तुटतात. कितीही श्रम केले तरी ठोके मिनिटाला ११० ते १३०च्या पुढे क्वचित जातात. अशा वेळी '२२० वजा वय' हे सूत्र काय कामाचे? त्यापेक्षा 'किती दम लागला?' हे त्या माणसालाच विचारावे.

उलट बाजूची गफलत फराळाच्या ताटात होते. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो, असे धरून खर्चाची कोष्टके रचतात. कण्याची इजा झालेल्यांसाठी २०१० साली २.७ हा आकडा सुचवला गेला. निजलेले स्नायू थोडक्यात भागवतात. म्हणजे कोष्टक म्हणते तीन करंज्या जिरल्या, प्रत्यक्षात जिरतात सव्वादोन! उरलेली पाऊण अंगावर बसते, आणि ते ओझे पुन्हा खांद्यांनाच ओढावे लागते.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी अशा लोकांना दमसासासाठी आठवड्यातून दोनदा २० मिनिटे, आणि हृदय व चयापचय यांच्या आरोग्यासाठी तीनदा ३० मिनिटे, चांगला दम लागेल असा व्यायाम सांगतात. भाऊ तो करतो. महिन्यातून एकदा आमच्या इमारतीच्या आवारात, सपाट फरशीवर, सहा मिनिटांत खुर्ची किती लांब जाते ते पोरे टेपाने मोजतात. ते अंतर तो वहीत लिहितो आणि फक्त मागच्या महिन्याच्या अंतराशी ताडून बघतो. गेल्या महिन्यात ते वाढले होते. वहिनीने त्या दिवशी न मागता त्याच्या पानात एक करंजी जास्त वाढली. त्याने अर्धी खाल्ली आणि अर्धी मला दिली.